बाबारावच्या रक्तावर मथुराबाईचा दात

पांढरकवड्याला बदली होऊन आलो तेव्हा शाळेतल्या सगळ्यांनी मला एकच सल्ला दिला: जेवायला मथुराबाईकडे जा, पण भाजीला नाव ठेवू नका. मी पहिल्याच दिवशी ठेवलं. वांगं जरा कच्चं राहिलंय असं म्हणालो. मथुराबाईनं तव्यावरची भाकर उलटली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वांगं शिजलं हाय सर. तुमीच कच्चे हाय." सगळी खानावळ हसली. एका सरदारजी ड्रायव्हरला तर ठसका लागला. तेव्हापासून मी तिथंच जेवतो.

मथुराबाई मूळची मारेगावकडची. लग्न होऊन पांढरकवड्याला आली. नवरा टिप्पर चालवायचा, तो लवकरच गेला. त्याच सुमारास हायवेवर एका ट्रकचा अ‍ॅक्सल तुटला आणि तीन ड्रायव्हर आठवडाभर अडकले. मथुराबाईनं त्यांना घरचा झुणका आणि भाकर खाऊ घातली. ते पुढं हैदराबादला गेले आणि तिथं सांगत सुटले. पुढच्या महिन्यात तिच्या दारासमोर ट्रक उभे राहायला लागले. खानावळ तिनं अशी काही काढली नाही, ती आपोआप निघाली. आज तिथं पाटवडी रस्सा, भरीत आणि असा ठेचा मिळतो की तेलंगणाचे लोकसुद्धा पाणी मागतात.

तिचं एकच दुखणं, ते म्हणजे समोरचा बाबाराव. रस्त्यापलीकडे बाबारावचा ढाबा आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यानं नवी पाटी लावली. ढाब्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली पत्ता: 'जुन्या मथुराबाई खानावळीसमोर'. बाबारावच्या मते 'जुन्या' हा शब्द खानावळीला लागत होता. मथुराबाईच्या मते तो मथुराबाईला लागत होता. मराठी व्याकरण दोघांनाही पुरावा देऊ शकलं नाही. मथुराबाईनं चुन्याची बादली नेऊन पाटीवर ओतली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. बाबारावनं पाटी धुतली, पण शब्द बदलला नाही.

आता दाताकडे येऊ.

दोन वर्षांपूर्वी गावात दातांचं फुकट शिबिर आलं. यवतमाळच्या एका कॉलेजची गाडी होती, आत खुर्ची वगैरे सगळं. मथुराबाईची एक दाढ हलत होती. दाढ किडलेली नव्हती, हिरडीनंच तिला सोडलं होतं. तरुण डॉक्टरीणबाईनं ती काढली आणि फेकण्याऐवजी एका गुलाबी पाण्याच्या नळीत टाकून बर्फात ठेवली.

"हे कायले?" मथुराबाईनं गालात कापूस धरून विचारलं.

"संशोधनाला देणार आहोत. तुमची परवानगी असेल तर."

"दुखत होता तवा माहा होता. आता तुमचा. घेऊन जा."

तिनं सही केली, घरी आली आणि दात विसरली.

दात मात्र विसरला गेला नव्हता. यवतमाळच्या प्रयोगशाळेत अनघा नावाची मुलगी त्याची वाट बघत होती. अनघा यवतमाळचीच. वडील कोर्टात, आजोबा कलेक्टर कचेरीत, अशा घरातली. घरच्यांनी तिला सरळ डॉक्टर हो म्हटलं तर ही पेशी वाढवायला लागली. दाताच्या आत जो मऊ गर असतो त्यात मूलपेशी असतात, स्टेम सेल. शरीराला दुरुस्ती करायची असते तेव्हा त्या कामाला येतात. त्या बाहेर काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवल्या आणि खाऊ घातलं तर एकीच्या दोन, दोनाच्या चार होत वाढतात. पण कायम नाही. काही पिढ्या झाल्या की त्या थकतात, फुगून पसरतात आणि विभागणं बंद करतात. तरुण माणसाच्या पेशी बराच काळ टिकतात, म्हाताऱ्याच्या लवकर बसतात. आणि जबड्याचं झिजलेलं हाड भरून काढायला किंवा आणखी कशाला स्वतःच्या पेशींची गरज पडते ती म्हाताऱ्यांनाच. म्हाताऱ्या पेशींना डबीत जास्त दिवस जगवायचं, जास्त वाढवायचं, एवढंच अनघाला हवं होतं.

मथुराबाईच्या पेशी काही पिढ्या वाढल्या आणि बसल्या. त्यांना खायला वासराच्या रक्तातला द्रव लागतो, तो परदेशातून गोठवून येतो. त्या वर्षीचा माल विमानतळावर अडकला आणि हातात पडेपर्यंत वितळून वाया गेला होता. उरलेल्या जुन्या मालावर अनघानं एक डबी कशीबशी चालू ठेवली. दुसऱ्या डबीसाठी तिनं रक्तपेढी गाठली. रक्तातल्या प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, पुढं त्या रुग्णाला चढवता येत नाहीत, फेकाव्याच लागतात. अशा पिवळट पिशव्या अनघा घेऊन आली. गोठवल्या, वितळवल्या, परत गोठवल्या. मग त्या प्लेटलेट फुटल्या आणि आतला रस बाहेर आला. तो गाळून तिनं बसलेल्या पेशींना घातला.

पेशी उठल्या. मरगळलेल्या वर्गात कुणी सुट्टीची नोटीस वाचावी तशा उठल्या, असं अनघाच मला पुढे म्हणाली.

म्हणून ती एके दिवशी दुपारी एसटीनं पांढरकवड्याला आली. तिला दात देणाऱ्या बाईच्या तब्येतीची माहिती हवी होती. जेवणाची गर्दी ओसरली होती. मी ताकाचा ग्लास घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. मथुराबाई आणि तिचा मुलगा संघदीप हिशेबावरून भांडत होते.

"नमस्कार आजी," अनघा म्हणाली.

संघदीपनं कपाळाला हात लावला.

"कोनाची आजी?" मथुराबाई म्हणाली.

"काकू," अनघानं पटकन दुरुस्त केलं. पोरगी हुशार होती.

तिनं सगळं सांगितलं. मथुराबाई भिंतीला टेकून ऐकत होती. साखर आहे का? नाही. बीपी? हाय, बाबारावच्या पायी. खर्रा खाता, तंबाखू-सुपारीचा?

"नाही."

संघदीप खोकला.

"म्हंजे, सोडला."

"कधी?"

"तू दारात दिसली तवा."

अनघा हसली आणि मग तिच्याकडून एक वाक्य निसटलं. संघदीपनं नुसतं कौतुकानं विचारलं होतं की हे रक्त कोणाचं असतं, आणि ती म्हणाली, "तुमच्याच गावचं. चौदा एप्रिलला तुमच्याकडे शिबिर झालं ना, त्यातल्या पिशव्या उरल्या होत्या." म्हटलं आणि तिनं जीभ चावली. असं सांगायचं नसतं.

जयंतीचं ते रक्तदान शिबिर संघदीपच्याच मंडळानं घेतलं होतं. आणि गावाला माहीत होतं की त्यात बाबारावनंही रक्त दिलं होतं, कारण त्यानं त्याचा फ्लेक्स लावला होता. चौकात, टेलिफोनच्या खांबाला, हाताला पट्टी बांधलेला बाबाराव: 'रक्तदान हेच श्रेष्ठ दान'.

मथुराबाई हळूच म्हणाली, "त्या पिशवीत बाबाराव हाय काय?"

"नाव आम्हाला कळत नाही काकू. आणि पाच-सहा जणांच्या पिशव्या एकत्र केलेल्या असतात."

"पन असू शकते."

अनघाला खोटं बोलता येत नव्हतं. "असू शकतं," ती म्हणाली.

अशा गोष्टी हायवे ओलांडायला ट्रकपेक्षा कमी वेळ घेतात. संध्याकाळपर्यंत बाबाराव आपल्या बाजेवर मांडी घालून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता, "मथुराबाई माह्या रक्तावर जगून राह्यली. मी नसतो त तिचा दात कवाच मेला असता. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं." दुसऱ्या दिवशी सरदारजीनं ताट पुढं ओढत विचारलं, "मौसी, सुना है सामनेवाले ने आपको नई जवानी दी है?" त्याला त्या दिवशी रस्सा मिळाला नाही. नुसती भाकर मिळाली, आणि ती त्यानं खाल्ली, कारण दुसरीकडे जायचं म्हणजे बाबारावकडेच जावं लागलं असतं आणि तेवढी हिंमत त्याच्यात नव्हती.

चार दिवस मथुराबाई कोणाशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी संघदीप माझ्याकडे आला.

"सर, माय यवतमाळले जातो म्हनते. दात परत घेतो म्हनते. तुमी चला बापा संगं. तुमचं ऐकते ते."

ती कोणाचंच ऐकत नव्हती. पण मी भूगोल शिकवतो आणि त्यामुळे मला सगळं विज्ञान येतं असा तिचा ठाम समज होता, म्हणून तिनं मला येऊ दिलं. बसमध्ये तिनं एकदाच तोंड उघडलं. "सर, रक्ताचा गुन लागते काय हो?" मी म्हणालो, मला नद्या येतात, रक्त नाही. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

प्रयोगशाळेत चपला बाहेर, अंगात निळा झगा, डोक्याला टोपी. टोपी घालायला मथुराबाईनं नकार दिला. "अंबाडा मोडते." शेवटी अनघानं दोन टोप्या जोडून तो अंबाडा झाकला. मथुराबाई आत आली आणि उभ्या उभ्याच तिनं मुद्दा मांडला.

"माह्या पेशी बंद कर पोरी. मले त्या मानसाचं रक्त नको. सही मी केली, सही मीच मोडतो. चालते का नाही?"

"चालतं," अनघा म्हणाली. "तुमचा अधिकार आहे."

मथुराबाई मोठ्या भांडणाच्या तयारीनं आली होती. समोरून पहिल्याच वाक्याला होकार आला. अनघानं कपाटातून ब्लीचची बाटली काढून टेबलावर ठेवली. विनंती न करता तिनं झाकण सैल करून दिलं. तिची वर्षभराची मेहनत त्या डब्यांत होती, हे मला नंतर कळलं.

"हे ओतलं की मरतात. पण एकदा बघून घ्या. तुमच्या आहेत."

मथुराबाई सूक्ष्मदर्शकाशी वाकली. "केसं दिसून राह्यले."

"ते तुमच्या पापण्यांचे. डोळा जरा मागे घ्या."

मग तिला दिसल्या. पहिली डबी होती वासराच्या द्रवावर ठेवलेली. पेशी थोड्याच होत्या, चपट्या, हातपाय पसरून पडलेल्या. मग अनघानं दुसरी ठेवली. त्यात लांबट, सडपातळ पेशी एकमेकींना खेटून, एकाच दिशेला माना करून दाटल्या होत्या. डबीत जागा उरली नव्हती.

"हे बी मीच?"

"तुमच्याच दातातल्या. आधी त्या पहिल्या डबीसारख्याच झाल्या होत्या. आता सात पिढ्या पुढे गेल्यात."

"अन् हे बाबारावनं केलं."

"पाच-सहा जणांनी. त्यात ते असतील, नसतील."

एवढ्यात दार ढकलून श्रीकृष्ण सर आले. ते विभागप्रमुख. त्यांच्या केबिनमध्ये सूक्ष्मदर्शकापेक्षा सत्काराच्या शाली जास्त आहेत. कोणी देणगीदार आला असावा अशा समजुतीनं ते हसत पुढं आले.

"नमस्कार आजी! तुम्ही आमच्या फार महत्त्वाच्या दात्या बरं का. तुमच्यासारख्या जुन्या पेशी—"

"जुन्या?" मथुराबाई म्हणाली.

मला पळावंसं वाटलं. अनघा पुढं झाली. "सर, तुम्हाला ऑफिसमध्ये बोलावलंय," ती म्हणाली. कोणीही बोलावलं नव्हतं. सर गेले. जाताना त्यांनी शाल आणायला सांगितली असं आठवतं, पण ती आली नाही.

मथुराबाई स्टुलावर बसली. तिनं पुन्हा डोळा लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"एक सांग पोरी. त्याचं खाऊन त्याइचा सोभाव त बदलत नाही? उद्या बाबारावसारख्या खोटं बोलाले लागल्या त?"

"नाही. त्या रसात फक्त 'वाढा, जखम भरा' असा निरोप असतो. आपल्याला कापलं की शरीरात हेच होतं. पेशी तुमच्या त्या तुमच्याच. तुम्ही वांगं खाता म्हणून वांगं होता का?"

मथुराबाईनं मान वर केली. तिच्याशी असं बोललेलं तिला आवडतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. लोक एकतर तिला भितात किंवा गोड बोलतात. या मुलीनं दोन्ही केलं नव्हतं.

"हे समजलं," ती म्हणाली. मग टेबलावरच्या बाटलीकडे बघून म्हणाली, "चाळीस वर्सं मी ह्या रस्त्याले खाऊ घालून राह्यली. पंजाब, मद्रास, सारं जेवून गेलं. मले कोनं खाऊ घातलं? माह्या नवऱ्यानं एकदा पोहे केलते, ते बी जाळले. आता हा बाबाराव फुकटात घालून राह्यला, अन् त्याले माहीत बी नाही किती. त घालू दे. मी कायले बंद करू? ठेव थे बाटली कपाटात."

अनघानं बाटली उचलली आणि तिथंच रडायला लागली.

"रडू नको," मथुराबाई म्हणाली. "त्याइचं खानं-पिनं चुकेल."

परत आल्यावर तिनं बाबारावला उत्तर द्यायची पद्धत बदलली. सरदारजीनं पुन्हा छेडलं तेव्हा ती म्हणाली, "हाव, तोच मले पोसून राह्यला. विचार त्याले, अजून किती पिशव्या देतो म्हून." हे बाबारावच्या कानावर गेलं. दोन-तीन दिवसांत रक्ताची फुशारकी थांबली. कोणी विषय काढला की तो गिऱ्हाइकाच्या ताटाकडे बघायचा. पोसणं हा शब्द गावात फार वाकड्या अर्थानं जातो आणि त्याची बायको रंजिता गल्ल्यावरच बसते.

पेशी वाढत राहिल्या. अनघा अधूनमधून फोन करायची आणि मथुराबाई पीठ मळता मळता बोलायची. "कशा हाय त्या? काय, पुन्हा डबी बदलली? जागा कमी पडते त मोठं घर घेऊन दे नं." पेशी वेड्यावाकड्या वाढत नाहीत ना, कॅन्सरच्या वळणाला जात नाहीत ना, हे अनघा दर वेळी तपासत होती. त्या गेल्या नाहीत. वासराच्या द्रवावर त्या जेवढ्या पिढ्या चालल्या असत्या, त्याच्या दुपटीच्या जवळ गेल्या. अनघाचा लेख छापून आला. त्यात मथुराबाईचं नाव नव्हतं, तसा नियमच आहे. 'सहासष्ट वर्षांची स्त्री, ज्येष्ठ दाता' असं होतं. मी वाचून दाखवलं. तिनं 'ज्येष्ठ'चा अर्थ विचारला. मी मोठी, मानाची असा सांगितला. भूगोलाच्या मास्तराला एवढं चालतं.

परवाच्या पोळ्याच्या आधी, भर दुपारी, खानावळीत तीन ट्रकचे लोक बसले असताना फोन वाजला. मथुराबाईच्या हाताला पीठ होतं म्हणून संघदीपनं स्पीकर लावला.

"काकू, थांबल्या त्या," अनघा म्हणाली. "दोन आठवडे वाट बघितली. आता विभागत नाहीत. पसरल्यात."

"मेल्या?"

"मेल्या नाहीत. म्हाताऱ्या झाल्या. कधीतरी होणारच होत्या. मी आज डबी बंद करतेय, म्हटलं आधी तुम्हाला सांगावं."

"बरं केलं." मग मथुराबाई म्हणाली, "तुमच्यात सुतक पाळते काय? आमच्यात नाही पाळत. पन तुले पाळाचं असन त पाळ."

फोनमधून अनघाचं हसणं आलं. मग ती म्हणाली, "काही नळ्या लवकरच्या पिढ्यांच्या गोठवून ठेवल्यात. नायट्रोजनमध्ये. त्या कितीही वर्षं राहतात. पाहिजे तेव्हा उठवता येतात."

"माह्या मागं बी?"

"हो. तुमच्या मागेही."

"म्हंजे मेल्यावर बी लोकायले काम," मथुराबाई म्हणाली. "राहू दे. निजल्या त निजू दे. उगाच उठवू नको."

तिनं फोन ठेवायला सांगितलं, हात धुतले, तवा सुनेवर, दीपमालावर, सोपवला आणि बाहेर जाऊन बाजेवर बसली. जेवणाच्या वेळेला मथुराबाई बाहेर बसलेली मी कधी बघितली नव्हती. ट्रकवाल्यांनीही बघितली नव्हती, ते माना वळवून बघत होते. ती पदरानं तोंड पुसत रस्त्याकडे बघत राहिली.

पलीकडून बाबारावनं बघितलं. एक टँकर जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला. मग तो रस्ता अर्धा ओलांडून दुभाजकावर उभा राहिला.

"तब्येत बरी नाही काय?" तो ओरडला. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"माह्या पेशी बसल्या," मथुराबाई ओरडली.

"कोनत्या?"

"तुह्या रक्तावरच्या! दुसऱ्या कोनत्या?"

बाबारावचा चेहरा पडला. खरंच पडला. तो म्हणाला, "पन मी त चांगलं रक्त देल्तं, बाई."

"मी काय खराब म्हटलं?"

"मंग काहून बसल्या?"

"वय झालं त्याइचं! सारं मीच सांगू? इकडं ये. दुभाजकावर उभा राहून कायले बोंबलून राह्यला, गाडीखाली येशीन."

तो आला. खानावळीत पाऊल टाकताना त्यानं एकदा मागं वळून आपल्या ढाब्याकडे बघितलं. दीपमालानं न विचारता ताट वाढलं. भरताचा पहिला घास घेऊन बाबाराव चावत राहिला, आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.